ब्रिटिश व अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोद : रूपांतर आणि राजकीय उपहास यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

ब्रिटिश विनोद संयत, उपरोधिक व काहीसा उदास असतो, तर अमेरिकन विनोद उघड, वेगवान व आशावादी असतो, असा समज साहित्य व माध्यमे यांच्या अभ्यासात दीर्घकाळ रूढ आहे. या समजात तथ्यांश असला, तरी तो भेदाची कारणमीमांसा करीत नाही. राष्ट्राच्या 'स्वभावा'कडे बोट दाखविले की विवेचन तेथेच थांबते. दोन्ही देशांची भाषा एक आहे, कलावंतांची ये-जाही सतत चालू असते. असे असताना एका देशातील लोकप्रिय मालिका दुसऱ्या देशात कधी दशकभर चालते, तर कधी चार भागांत बंद पडते, याचे उत्तर केवळ स्वभावभेदात सापडत नाही. कार्यक्रमाचा खर्च कोण करते, त्याचे लेखन कसे होते आणि त्यावर नियंत्रण कोणाचे असते, या तीन प्रश्नांच्या आधारे हा भेद अधिक स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात प्रथम मालिकांची रूपांतरे आणि नंतर राजकीय उपहास यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

निर्मितीची चौकट

ब्रिटनमध्ये बी.बी.सी.चा खर्च मुख्यतः प्रेक्षकांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून भागतो. तेथील विनोदी मालिका परंपरेने एक किंवा दोन लेखकांनी लिहिलेली असते आणि तिच्या एका पर्वात बहुधा सहा भाग असतात. जॉन क्लीझ व कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेचे १९७५ व १९७९ मिळून अवघे बारा भाग झाले. तरीही ब्रिटिश विनोदाच्या इतिहासात तिचे स्थान अढळ आहे.

अमेरिकेतील प्रमुख वाहिन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर आधारलेले होते. एका पर्वात बावीस ते चोवीस भाग, ते लिहिण्यासाठी लेखकांचा मोठा चमू आणि शंभराच्या आसपास भाग झाल्यावर पुनःप्रक्षेपणाचे हक्क स्थानिक वाहिन्यांना विकून मिळणारा नफा, असे तेथील गणित होते. अलीकडे इंटरनेटवरील वाहिन्यांमुळे अमेरिकन पर्वेही आखूड झाली आहेत. परंतु येथे विचारात घेतलेली बहुतेक रूपांतरे या जुन्या गणितातून घडली.

या गणिताचा परिणाम थेट पात्ररचनेवर होतो. बारा भागांत प्रेक्षक एखाद्या असह्य माणसाला सहन करू शकतो, त्याचा ऱ्हासही पाहू शकतो. दोनशे भागांसाठी मात्र दर आठवड्याला घरात यावासा वाटेल असा माणूस लागतो. अमेरिकन विनोदातील 'आशावाद' काही अंशी या गरजेतून आला आहे.

रूपांतराची उदाहरणे

जॉनी स्पाइट यांची 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका बी.बी.सी.वर १९६५ ते १९७५ या काळात मधूनमधून खंड पडत प्रसारित झाली. लंडनच्या पूर्व भागातील कामगार आल्फ गार्नेट हा वर्णद्वेषी, राजनिष्ठ व हुजूर पक्षाचा कट्टर समर्थक आहे. डाव्या विचारांच्या जावयाशी त्याचे सतत खटके उडतात. नॉर्मन लिअर यांनी या मालिकेवरून 'ऑल इन द फॅमिली' तयार केली व १२ जानेवारी १९७१ रोजी सी.बी.एस. वाहिनीवर तिचे प्रक्षेपण सुरू झाले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा आर्ची बंकर हा गार्नेटचाच अमेरिकन अवतार होय. मात्र व्हिएतनाम युद्ध, नागरी हक्क चळवळ आणि स्त्रीमुक्ती हे त्याच्या घरातील वादाचे विषय झाले. गार्नेटच्या ठिकाणी वर्गाची चीड प्रमुख होती, बंकरच्या ठिकाणी बदलत्या जगात आपले स्थान जाईल ही भीती. त्यामुळे प्रेक्षकाला बंकरविषयी थोडी कणवही वाटू शकली. ही मालिका सलग पाच वर्षे अमेरिकेत सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ठरली.

याच लिअर यांनी बड यॉर्किन यांच्यासह 'स्टेप्टो अँड सन' या लंडनमधील भंगारवाल्या बापलेकांच्या मालिकेवरून 'सॅनफर्ड अँड सन' (१९७२-७७) ही मालिका निर्माण केली. मूळ मालिकेत वर्गव्यवस्थेतून वर येऊ पाहणाऱ्या मुलाची घुसमट आहे. रूपांतरात बापलेक लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय आहेत. ब्रिटनमध्ये जे दुखणे वर्गाचे होते, ते अमेरिकेत वर्णाचे झाले. मराठी रंगभूमीने भाषांतर व रूपांतर यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो : शब्द बदलले की भाषांतर होते, दुखण्याची जागा नव्याने शोधली की रूपांतर होते.

'द ऑफिस' या मालिकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांची मूळ मालिका २००१ ते २००३ या काळात चौदा भागांत पूर्ण झाली. स्लाउ येथील कागद कंपनीतील व्यवस्थापक डेव्हिड ब्रेंट स्वतःला विनोदी व लोकप्रिय समजतो. प्रत्यक्षात त्याचे बोलणे ऐकून सहकाऱ्यांनाच संकोच वाटतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याला कामावरून कमी केले जाते. ग्रेग डॅनियल्स यांनी केलेले अमेरिकन रूपांतर २००५ मध्ये एन.बी.सी.वर आले. त्याचा पहिला भाग मूळ संहितेशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा होता. दुसऱ्या पर्वापासून मात्र व्यवस्थापक मायकेल स्कॉट हा अधिक प्रेमळ, एकाकी व कामात निपुण असा दाखविण्यात आला. कचेरी हेच त्याचे कुटुंब झाले. ही मालिका २०१३ पर्यंत २०१ भाग चालली. मूळ मालिकेत नोकरी ही शिक्षा आहे, रूपांतरात ती सोबत आहे.

उलटपक्षी, 'फॉल्टी टॉवर्स'वरून १९८३ मध्ये आलेल्या 'अमांडाज' या मालिकेत हॉटेलमालक बेसिल फॉल्टी हे पात्रच गाळण्यात आले. बायकोचा धाक आणि वरच्या वर्गात शिरण्याची धडपड यांतून निर्माण होणारा त्याचा संताप हाच मूळ मालिकेचा कणा होता; तो काढल्यावर केवळ हॉटेल उरले. 'कपलिंग' या मालिकेचे अमेरिकन रूप २००३ मध्ये चार भागांनंतर बंद झाले. तेथे मूळ संहिता बऱ्याच अंशी जशीच्या तशी वापरण्यात आली होती. एका अपयशात गाभा हरवला होता, दुसऱ्यात नवी भूमी शोधलीच गेली नव्हती.

शासनव्यवस्था व विनोद

अँटनी जे व जोनाथन लिन यांची 'येस मिनिस्टर' (१९८०-८४) आणि तिची पुढची 'येस, प्राइम मिनिस्टर' (१९८६-८८) या मालिकांचा विनोद एका घटनात्मक वस्तुस्थितीवर उभा आहे : मंत्री येतात व जातात, सचिव कायम राहतात. मंत्री जिम हॅकर याला काही करावयाचे असते आणि सर हम्फ्री अ‍ॅपलबी अत्यंत आदबीने ते होऊ देत नाहीत. अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष सुमारे चार हजार पदांवर राजकीय नेमणुका करतो. त्यामुळे तेथे हम्फ्री हे पात्र त्याच रूपात संभवत नाही. भारताने मात्र ब्रिटिशांकडून कायमस्वरूपी सनदी सेवेची परंपरा घेतली. म्हणूनच २००१ मध्ये स्टार प्लस वाहिनीवर फारूक शेख यांची प्रमुख भूमिका असलेली 'जी मंत्रीजी' ही हिंदी आवृत्ती सहज रुजू शकली. मंत्रालयाच्या कारभाराशी परिचित असलेल्या मराठी प्रेक्षकालाही तिच्यातील फायलींचा प्रवास परका वाटण्याचे कारण नव्हते.

आर्मांडो इआनूची यांच्या 'द थिक ऑफ इट' (२००५-१२) या मालिकेत सत्ता सचिवांकडून प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांकडे गेलेली दिसते. तिचे अमेरिकन रूपांतर करण्याचा ए.बी.सी. वाहिनीचा २००७ मधील प्रयत्न पहिल्या नमुना भागापलीकडे गेला नाही. पुढे इआनूची यांनीच 'वीप' (२०१२-१९) ही स्वतंत्र मालिका एच.बी.ओ.साठी निर्माण केली. राष्ट्राध्यक्षाच्या दूरध्वनीची वाट पाहणारी उपाध्यक्ष हे तिचे केंद्र आहे. म्हणजेच अमेरिकन घटनेत मानाचे पण निष्प्रभ असे नेमके पद त्यांनी निवडले. एच.बी.ओ. ही वर्गणीवर चालणारी वाहिनी असल्याने जाहिरातदारांची नाराजी व लांबलचक पर्वे ही दोन्ही बंधने तेथे नव्हती.

राजकीय उपहास : कायदा आणि पैसा

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील आधुनिक राजकीय उपहासाचा आरंभ बी.बी.सी.च्या 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' (१९६२-६३) या कार्यक्रमाने झाला असे मानले जाते. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन बी.बी.सी.ने तो थांबविला. त्याच नावाचा अमेरिकन कार्यक्रम १९६४-६५ मध्ये एन.बी.सी.वर झाला व डेव्हिड फ्रॉस्ट दोन्हींत होते. अमेरिकेतही स्थिती फार वेगळी नव्हती : युद्धविरोधी सूर असलेला 'द स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर' सी.बी.एस.ने १९६९ मध्ये बंद केला. ब्रिटनमध्ये कारण निःपक्षपातीपणाचे होते, अमेरिकेत वाहिनी व कलावंत यांच्यातील संहितेवरील नियंत्रणाच्या संघर्षाचे.

कायद्याच्या दृष्टीने अमेरिकन उपहासकाराला अधिक संरक्षण आहे. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य सार्वजनिक व्यक्तींच्या विडंबनालाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये 'हसलर' मासिकाच्या खटल्यात स्पष्ट केले. ब्रिटनमध्ये हाऊस ऑफ कॉमन्सचे कामकाज १९८९ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागले, परंतु त्याचे चित्रण उपहासात्मक कार्यक्रमात वापरण्यास मनाई करण्यात आली. २०११ मध्ये संसदीय समितीच्या चित्रणाचा उपयोग केलेला 'द डेली शो' या अमेरिकन कार्यक्रमाचा एक भाग ब्रिटनमध्ये दाखविण्यात आला नाही. ब्रिटिश संसदेवरील अमेरिकन विनोद ब्रिटिश नागरिकालाच पाहता येऊ नये, ही परिस्थिती स्वतःच उपहासाचा विषय ठरावी अशी आहे.

तथापि कायद्याचे संरक्षण पुरेसे नसते, हे २०२५ मधील घटनांनी दाखवून दिले. स्टीफन कोल्बेअर यांचा 'द लेट शो' मे २०२६ मध्ये संपविण्यात येईल, असे सी.बी.एस.ने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. वाहिनीने आर्थिक कारण दिले. परंतु त्या वेळी तिच्या मालक कंपनीचे विलीनीकरण सरकारी मंजुरीच्या प्रतीक्षेत असल्याने टीकाकारांनी या कारणाविषयी शंका घेतली. सप्टेंबरमध्ये प्रसारण नियामक आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिल्यावर ए.बी.सी.ने जिमी किमेल यांचा कार्यक्रम काही दिवस स्थगित केला. तीव्र प्रतिक्रियेनंतर तो पुन्हा सुरू झाला. घटना बदलली नव्हती. दबाव प्रसारण परवाने आणि व्यापारी हितसंबंध यांच्या वाटेने आला होता.

उपहासाच्या मर्यादा

उपहासाने सत्ताधारी दुबळा होतो, हे गृहीतकही तपासून पाहणे आवश्यक आहे. नील व्हिडमार व मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, तीव्र पूर्वग्रह असणाऱ्या प्रेक्षकांना वादात आर्ची बंकरचीच बाजू पटत होती. लेखकाने ज्याला हास्यास्पद ठरविले, त्याला प्रेक्षकांच्या एका गटाने आपला प्रवक्ता मानले. मार्गारेट थॅचर 'येस मिनिस्टर'च्या चाहत्या होत्या आणि १९८४ मध्ये त्यांनी मालिकेतील नटांसह एक छोटा प्रवेशही सादर केला. बोरिस जॉन्सन 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या कार्यक्रमातून पाहुणा व सूत्रसंचालक म्हणून घराघरांत पोहोचले व २०१९ मध्ये पंतप्रधान झाले. डोनाल्ड ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये, उमेदवार असतानाच, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चे सूत्रसंचालन केले. या उदाहरणांवरून विनोदाने कोणाला निवडून आणले असा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु ज्याच्याबरोबर हसलो त्याच्याविषयी सावधपणा कमी होतो, एवढे निश्चितच लक्षात येते.

समारोप

दोन्ही देशांतील विनोदाचा भेद हा उपजत नसून घडविलेला आहे. परवाना शुल्कावर चालणाऱ्या व्यवस्थेने छोट्या, कडवट व लेखकनिष्ठ मालिकांना जागा दिली. जाहिरातींवर चालणाऱ्या व्यवस्थेने दीर्घ, स्नेहशील व चमूने लिहिलेल्या मालिका निर्माण केल्या. यशस्वी रूपांतरकारांनी मूळ संवादांपेक्षा मूळ दुखणे ओळखले आणि आपल्या समाजात ते कोठे आहे याचा शोध घेतला. राजकीय उपहासाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये नियमांचे, तर अमेरिकेत मालकीचे बंधन अधिक जाणवते. साहित्य, राज्यशास्त्र व माध्यमविद्या या विषयांच्या अध्यापनात एखाद्या समाजाला कशाचे हसू येते हा प्रश्न विचारला जातोच. त्या हसण्याची परवानगी कोण देतो आणि ती कोण काढून घेऊ शकतो, हा प्रश्नही त्याच्या जोडीने विचारला गेला पाहिजे.