एका मार्गाच्या दोन रीती

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें सहामाही परीक्षेच्या गुणांची प्रत सी ड्राइव्हवर ठेवण्यासाठीं, विंडोजमधील लिनक्सच्या म्हणजे डब्ल्यूएसएलच्या शेलमध्यें, एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. संगणकानें तक्रार केली नाहीं. तेव्हां प्रत सुरक्षित आहे असें समजून त्यानें मूळ फोल्डर पुसून टाकलें. पुढें पाहतो तों सी ड्राइव्हवर कांहींच नाहीं! सर्व गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हां उतरावे लागले. असें कां झालें, हें विद्यार्थ्यांस व पालकांस कळावें म्हणून आम्ही चार शब्द लिहीत आहों.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्समध्यें फाइलीचा मार्ग दाखविण्यास / ही तिरपी रेघ वापरतात. डॉसच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तींत फोल्डरें नव्हतीं, आणि ही रेघ आज्ञेस जोडावयाच्या सूचनांसाठीं खर्ची पडली होती. म्हणून १९८३ सालीं फोल्डरें आलीं तेव्हां \ ही उलटी रेघ घेण्यांत आली. विंडोजनें तीच पुढें चालविली.

युनिक्सच्या शेलमध्यें मात्र उलटी रेघ म्हणजे ‘पुढील अक्षर जसेंच्या तसें घे’ अशी खूण होय. खुणेचें काम झालें कीं ती गळून पडते. म्हणून अवतरणचिन्हांवांचून लिहिलेलें सी:\शाळा\गुण हें सी:शाळागुण झालें, आणि त्या विचित्र नांवाची फाइल मूळ फोल्डरांतच तयार झाली. मूळ पुसलें, त्याबरोबर प्रतही गेली.

‘पाथ’ नांवाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्यें तर मार्गांची माळच असते. युनिक्स दोन मार्गांच्या मध्यें : घालतें, विंडोज ; घालतें. नुसतें ; च्या जागीं : लिहून भागत नाहीं, कारण मग सी:\शाळा ह्यांतील सी आणि \शाळा हे दोन निराळे मार्ग समजले जातात. शिवाय सी ड्राइव्हचें नांवही घरोघर निराळें: सिग्विनमध्यें /सिगड्राइव्ह/सी, गिट बॅशमध्यें /सी, डब्ल्यूएसएलमध्यें /एमएनटी/सी.

तेव्हां हें भाषांतर हातानें न करतां त्या कामाच्या आज्ञेकडून करवावें. सिग्विन व गिट बॅश यांत ‘सिगपाथ’ आहे. -यू दिल्यास युनिक्सचा मार्ग मिळतो, -डब्ल्यू दिल्यास विंडोजचा, आणि -पी जोडल्यास सबंध माळ बदलते. डब्ल्यूएसएलमध्यें ‘डब्ल्यूएसएलपाथ’ एकेक मार्ग बदलून देतें. एखादें व्हेरिएबल दोन्हीं बाजूंस न्यावयाचें असल्यास त्याचें नांव ‘डब्ल्यूएसएलएन्व्ह’मध्यें लिहून, एका मार्गास /पी व माळेस /एल जोडावें.

मार्ग नेहमीं अवतरणचिन्हांत लिहावा. नाहीं तर ‘प्रोग्राम फाइल्स’मधील मोकळी जागाही त्याचे दोन तुकडे करते. आणि प्रत उघडून डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मूळ कधींही पुसूं नये. संगणकाचें मौन म्हणजे त्याची ग्वाही नव्हे, हा धडा आमच्या विद्यार्थ्यानें चांगलाच गिरविला आहे.