डोंगरगावचे लग्न आणि शहरचे पाहुणे

कार्तिकी एकादशीस चातुर्मास सरतो, द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात आणि मग घराघरांतून मुहूर्तांची बोलणी सुरू होतात. या दिवसांत हिंगोलीकडील एखाद्या डोंगराळ खेड्यातून आमच्या पुष्कळ वाचकांस कुंकुमपत्रिका येत असेल. शहरातील मंगल कार्यालयात सर्व सोयी पैशाने मिळतात. खेड्यात त्याच सोयी कोणाच्या तरी श्रमाने उभ्या राहतात. हा भेद जाणून पाहुण्याने वधूपित्याचा भार कसा हलका करावा, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट, आपण किती माणसे येणार व किती दिवस राहणार, हे आठ दिवस आधी नक्की कळवावे. चार म्हणून सांगून अकरा जणांनी उतरू नये. घरातील वडीलधाऱ्यांस सोवळ्याचा स्वयंपाक किंवा पथ्याचे जेवण लागत असल्यास तेही तेव्हाच कळवावे; आयत्या वेळी मागणी करून यजमानीणबाईंस संकटात पाडू नये.

हिंगोली हे पूर्णा-अकोला लोहमार्गावरील स्थानक होय. हा मार्ग २००८ साली रुंदमापी झाला. औंढा नागनाथाकडील डोंगरांत मात्र रेल्वे नाही, पुढे एस. टी. किंवा काळी-पिवळी जीप, आणि क्वचित् थोडी पायपीट. कार्तिकात सूर्य सहाच्या आतच मावळतो. म्हणून उजेडी पोहोचेल अशा बेताने निघावे. लग्न गोरज मुहूर्तावर असेल, तर रात्री परतण्याचा हट्ट धरू नये.

दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे गारठा अंगात शिरतो. यास्तव प्रत्येकाने आपली शाल व एक पांघरूण बरोबर न्यावे. यजमानाने गावभर फिरून गोधड्या गोळा केलेल्या असतात. त्या मुलाबाळांस व वृद्धांस पुरू द्याव्यात. भरजरी शालू मांडवापुरता ठेवून वाटेसाठी सुती लुगडे व बळकट वहाणा असाव्यात. विजेरी अवश्य घ्यावी. सकाळी पादत्राण झटकून मगच पाय घालावा, कारण विंचू आडोसा शोधतो. सर्पदंश झाल्यास झाडपाला व मंत्रतंत्र यांत घटकाभरही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्यास सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते.

या सुमारास शिवारात कापसाची वेचणी चाललेली असते, तूर फुलावर येते आणि हळद हिरवीगार उभी असते. मुलांस पिकांत धावू देऊ नये. तो त्या कुटुंबाचा वर्षाचा घास आहे. मांडवात पाणी वाहणारे व पंगत वाढणारे शेजारी त्या दिवसाची वेचणी टाकून आलेले असतात. त्यांस नोकर समजून हाका मारू नयेत. मामा, मावशी असे म्हणावे व आपणही एखादी घागर उचलावी. पानात हवे तेवढेच घ्यावे, आणि पाणी शेंदून आणलेले आहे हे आंघोळीच्या वेळीही विसरू नये.

आहेराविषयी दोन शब्द. खेड्यात आहेर वहीत लिहिला जातो व पुढे कधीतरी फेडावा लागतो. तेव्हा आपल्या ऐपतीचे प्रदर्शन मांडून यजमानावर ऋण चढवणे हे सौजन्य नव्हे. माफक रक्कम पाकिटात घालून द्यावी. मानपानावरून रुसवेफुगवे तर मुळीच नकोत. १९६१ च्या कायद्याने हुंडा निषिद्ध झाला. परंतु विहिणीच्या रुसव्यास कोणताही कायदा आवर घालीत नाही, तो आपणच घालावयाचा असतो.

परतल्यावर चार ओळींचे पत्र अवश्य धाडावे. लग्नघरी पाहुणे गेल्यावरही भांडी, सतरंज्या व उसनवाऱ्या परत करण्याचे काम कित्येक दिवस चालते. त्या थकलेल्या घरास ‘कार्य उत्तम झाले’ हे शब्द कोणत्याही आहेराहून अधिक मोलाचे वाटतात.