स्वयंचलित माउंट

स्वयंचलित माउंट म्हणजे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा बाह्य हार्ड डिस्क संगणकास जोडताच तीवरील फाइल वापरकर्त्यास कोणतीही आज्ञा न देता उपलब्ध करून देणारी व्यवस्था होय. लिनक्स व इतर युनिक्ससदृश संचालन प्रणालींचा डेस्कटॉप सामान्य वापरकर्त्यांसाठी सुलभ होण्यात या सुविधेचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी
विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सहसा स्वतंत्र अक्षर मिळते. युनिक्समध्ये मात्र सर्व फाइल एकाच निर्देशिका-वृक्षात असतात. नवी डिस्क या वृक्षातील एखाद्या निर्देशिकेला जोडणे, यास माउंट करणे म्हणतात. एकाच संगणकावर अनेक जण काम करतात या गृहीतकामुळे हा अधिकार परंपरेने ‘रूट’ या प्रशासकीय खात्याकडे राखलेला असे. प्रशासक ‘एफस्टॅब’ या फाइलमध्ये नोंद करून इतरांना परवानगी देऊ शकत असे. परंतु पेनड्राइव्हला मिळणारे उपकरण-नाव जोडणीच्या क्रमानुसार बदलत असल्याने अशी नोंद अपुरी पडे.

विकास
२००४ च्या सुमारास रॉबर्ट लव्ह यांच्या पुढाकाराने ‘प्रोजेक्ट युटोपिया’ हा प्रयत्न सुरू झाला. कर्नेल, ‘युडेव्ह’, ‘डी-बस’ आणि ‘हॅल’ हे घटक एकत्र आणून यंत्रसामग्री आपोआप वापरण्याजोगी करणे हा त्याचा उद्देश होता. पुढे ‘हॅल’ची देखभाल अवघड ठरली व साठवण उपकरणांचे काम ‘युडिस्क्स’ या सेवेकडे आले.

कार्यपद्धती
उपकरण जोडल्यावर कर्नेल त्याची सूचना देतो आणि ‘युडेव्ह’ त्याची ओळख, लेबल व फाइल प्रणाली नोंदवतो. ‘युडिस्क्स’ ही माहिती ‘डी-बस’वरून डेस्कटॉपला कळवते. माउंट करण्याची विनंती आल्यास वापरकर्त्यास तो अधिकार आहे की नाही, हे ‘पोलकिट’ ठरवते. त्यामुळे संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीला रूटचा पासवर्ड न देताही पेनड्राइव्ह उघडता येतो. अनोळखी पेनड्राइव्हवरील प्रोग्रामला वाढीव अधिकार मिळू नयेत, म्हणून माउंट करताना ‘नोसुइड’ व ‘नोडेव्ह’ हे पर्याय लावले जातात.

विदा गमावण्याचा धोका
वेग वाढावा म्हणून कर्नेल लिहावयाची विदा काही काळ स्मृतीत ठेवतो. त्यामुळे फाइलची प्रत पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसूनही प्रत्यक्ष लेखन चालूच असू शकते. अशा वेळी पेनड्राइव्ह ओढून काढल्यास फाइल अपूर्ण राहते किंवा फाइल प्रणाली बिघडू शकते. फाइल व्यवस्थापकातील ‘इजेक्ट’ हे बटण उरलेली विदा लिहून पूर्ण करते व मगच उपकरण वेगळे करते. म्हणून ते दाबून, काम पूर्ण झाल्याची सूचना येईपर्यंत थांबणे आवश्यक असते.

मर्यादा
फॅट३२ प्रणालीत युनिक्सच्या मालकी व परवानग्या साठवल्या जात नाहीत. म्हणून तीवरील सर्व फाइल माउंट करणाऱ्याच्या मालकीच्या मानल्या जातात. तीत एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा कमी असावा लागतो. याउलट एक्स्ट४ प्रणालीत मालकाचा क्रमांक साठवला जातो. परिणामी एका संगणकावर तयार केलेल्या फाइल दुसऱ्यावर बदलण्यास नकार मिळू शकतो. मोठ्या फाइलसाठी सोयीची असलेली एक्सफॅट प्रणाली २०१९ मध्ये लिनक्स कर्नेलच्या ५.४ या आवृत्तीत समाविष्ट झाली.