अढीत आंबा काय करतो?

एप्रिल संपत आला की रत्नागिरीच्या आसपास, पावसपासून गणपतीपुळ्यापर्यंत, बागायतदारांच्या पडवीत आणि माळ्यावर आंब्याच्या अढ्या लागतात. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. अढी लावून तीन-चार दिवस झाल्यावर आत हात घातला की ऊब लागते. आजूबाजूची हवा तेवढी गरम नसते, अढीवर ऊनही पडत नसतं. मग ही ऊब येते कुठून? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर जीवशास्त्राचे पहिले धडे, रेणूंपासून पेशींच्या ऊर्जेपर्यंतचे, आपोआप समोर येतात. परक्या फळांची चित्रं दाखवून ते शिकवण्यापेक्षा रत्नागिरीच्या शाळेत ते अढीपाशी शिकवले जावेत, असं मला मनापासून वाटतं.

झाडावरून उतरवलेला आंबा जिवंत असतो, इथून सुरुवात करायला हवी. झेल्यात देठासकट अलगद उतरलेल्या फळातल्या असंख्य पेशी पूर्वीसारख्याच ऑक्सिजन घेत असतात, कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. बदल एवढाच झालेला असतो की पानांकडून येणारी साखर थांबलेली असते. आता फळाला स्वतःच्या साठ्यावर जगायचं आहे. पुढचे आठ-दहा दिवस तो साठा कसा फोडायचा, कशात बदलायचा आणि त्यातला किती जाळायचा, यालाच आपण पिकणं म्हणतो.

साठा कसला? मुख्यतः स्टार्चचा. पानं प्रकाशसंश्लेषणातून साखर तयार करतात आणि ती देठातून फळात उतरते. पण पेशी ती साखर तशीच ठेवत नाही. विरघळलेली साखर पाणी खेचते आणि पेशीवर ताण आणते. म्हणून पेशी ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळ्या करते आणि त्यांचे न विरघळणारे कण करून ठेवते. हेच स्टार्च. चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) तयार झालेल्या कैरीची फोड कापून तिच्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला तर तो निळा-काळा होतो. तोच थेंब पूर्ण पिकलेल्या हापूसच्या फोडीवर जवळपास तसाच तांबूस राहतो, कारण तिथे स्टार्च उरलेलं नसतं. हा प्रयोग घरी करता येतो. मुलांसमोर करावा आणि ती फोड नंतर टाकून द्यावी.

इथे पेंढ्याकडेही एकदा बघायला हवं. भाताची काडी मुख्यतः सेल्युलोजची असते, आणि सेल्युलोजसुद्धा ग्लुकोजच्याच साखळ्यांचं असतं. कैरीतलं स्टार्च आणि तिच्या भोवतीची काडी यांतली वीट एकच, फक्त दोन विटांमधला सांधा वेगळ्या दिशेने वळलेला. त्या एका वळणामुळे स्टार्च आपल्याला पचतं आणि पेंढा पचत नाही. गाईलाही तो स्वतःच्या बळावर पचत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो सांधा तोडतात. सजीवांच्या रसायनशास्त्रात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशी मोजकीच मूलद्रव्यं वारंवार येतात. विविधता येते ती जोडणीतून.

स्टार्चचे सांधे तोडण्याचं काम विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं. विकरं बहुतेक प्रथिनांची असतात आणि प्रत्येक विकराची घडी एका ठरावीक कामापुरती असते. अमायलेज स्टार्च तोडतं; त्याच कुळातलं अमायलेज आपल्या लाळेतही असतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन दुसरी विकरं सैल करतात, म्हणून गर मऊ होतो. सालीतलं हरितद्रव्य मोडतं, गरात बीटा कॅरोटीन वाढतं आणि केशरी रंग येतो. पिकलेल्या हापूसचा रस ब्रिक्समापीवर साधारण १८ ते २० अंश दाखवतो. त्यातली बहुतेक गोडी काही आठवड्यांपूर्वी पानांनी पाठवलेल्या साखरेची असते.

म्हणूनच आंबा कधी उतरवायचा हा प्रश्न कोकणात इतका महत्त्वाचा आहे. हंगामाच्या तोंडावर दर चढा असतो, त्यामुळे दहा-बारा आण्यांवरच फळ उतरवायचा मोह होतो. त्या फळाला रंग आणता येतो, ते मऊही करता येतं. पण ज्या साठ्यातून गोडी यायची तो साठाच पुरा भरलेला नसतो, आणि झाडावरून तुटल्यावर तो भरून काढण्याचा कुठलाही मार्ग नाही. गिऱ्हाइकाच्या हातात सुंदर दिसणारा, फिका आंबा पडतो. हे नुकसान केवळ एका पेटीचं नाही, हापूसच्या नावाचं आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते टिकवायचं तर आण्यांचा हिशेब सांभाळावाच लागेल.

पिकण्याची सुरुवात होते इथिलीनने. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा साधा वायू वनस्पतींचं संप्रेरक आहे. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबॉव्ह यांना दिव्यांच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं वाकडी वाढताना दिसली आणि त्यामागे इथिलीन असल्याचं त्यांनी दाखवलं. फळ स्वतःच हा वायू तयार करतं, हे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं. आंब्यासारख्या फळात थोडं इथिलीन आणखी इथिलीन निर्माण करायला लावतं. पेंढ्याच्या आडोशाला ते साठून राहतं आणि एका फळाचा वायू शेजारच्या फळांना जागं करतो. त्याच सुमाराला श्वसनाचा वेग एकदम चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि चार्ल्स वेस्ट यांनी सफरचंदांवर हा चढ नोंदवला. हापूसमध्येही तो स्पष्ट दिसतो.

कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरायला मात्र २०१६ पासून परवानगी आहे. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. चेंबरमधलं इथिलीन आणि फळातलं इथिलीन यांच्या रेणूत काहीच फरक नसतो.

आता पुन्हा उबेकडे. स्टार्चपासून सुटलेल्या साखरेचा काही भाग पेशी जाळते. हे जळणं चुलीसारखं एका दमात होत नाही, अनेक छोट्या पायऱ्यांनी होतं. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळल्यावर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा सुटते, मग ते बशीत जळो की पेशीत. पेशी त्यातली साधारण एक तृतीयांश किंवा थोडी अधिक ऊर्जा एटीपी, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, या रेणूत पकडते. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. अढीत हाताला लागते ती हीच.

एटीपीचा शोध १९२९ चा. जर्मनीत कार्ल लोमान आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी जवळपास एकाच वेळी स्नायूंमधून ते वेगळं केलं. सुब्बाराव १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरम इथे जन्मले. त्यांचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत एटीपीच्या शेजारी ठळकपणे यायला हवं.

एटीपी तयार होतं बहुतांशी तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियांमध्ये. तिथलं यंत्र रत्नागिरीकरांना समजावणं सोपं आहे. सह्याद्रीपलीकडे कोयनेचं पाणी उंचावर अडवलेलं असतं; ते बोगद्यांतून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरतं आणि टर्बाइन फिरवतं. तंतुकणिका साखरेतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर हायड्रोजनचे धनभारित कण आतल्या पटलाच्या एका बाजूला कोंडते. ते परत येताना पटलातल्या एका प्रथिनातून येतात आणि ते प्रथिन खरोखर फिरतं. प्रत्येक फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू बाहेर पडतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा ती बहुतेकांना पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते फिरणारं यंत्र उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना ते १९९७ मध्ये मिळालं. हेच यंत्र आपल्या पेशींतही आहे, आणि दिवसभरात माणूस जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्च करतो.

कैरीचा आंबटपणा कुठे जातो, याचं उत्तरही याच तंतुकणिकेत आहे. कैरीतलं मुख्य आम्ल सायट्रिक आम्ल. १९३७ मध्ये शेफिल्डमध्ये हान्स क्रेब्ज यांनी कबुतराच्या स्नायूंवर काम करून श्वसनाचं जे चक्र मांडलं, त्यात तयार होणारा पहिला रेणू म्हणजे हेच सायट्रिक आम्ल. कैरीच्या पेशी ते रिक्तिकेत साठवतात आणि पिकताना त्यातलं बरंचसं श्वसनात खर्च करतात. आंबटपणा झाकला जात नाही, जळून जातो. कबुतराच्या छातीत आणि हापूसच्या गरात एकच चक्र फिरतं, याचं मला अजूनही फार नवल वाटतं.

श्वास कोंडला तर काय होतं, हेही बागायतदाराला ठाऊक असतं. भोकं नसलेल्या खोक्यात किंवा प्लास्टिकमध्ये बांधलेल्या आंब्याला दारूसारखा वास येतो. ऑक्सिजन संपला की तंतुकणिकेचं काम अडतं. मग पेशीला एका ग्लुकोजमागे तीस-बत्तीसऐवजी दोनच एटीपी मिळतात आणि मागे अल्कोहोल उरतं. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवण्यातही धोका आहे. १२-१३ अंश सेल्सिअसखाली पेशींच्या पटलांतली स्निग्धद्रव्यं घट्ट होऊ लागतात, पटलं बिघडतात, साल काळपट होते आणि फळ नीट पिकत नाही. आंबा आधी पिकू द्यावा, मग थंड करावा.

सुगंधाची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वासाचा अनेक वर्षं अभ्यास केला. कैरीला वास असतो तो टर्पीन गटातल्या संयुगांचा. लॅक्टोन आणि फ्युरानोन ही संयुगं मात्र पिकतानाच वाढतात, आणि पिकलेल्या हापूसची ओळख त्यांनीच ठरते.

एवढं सगळं जुळूनही कधीकधी वरून निर्दोष दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा निघतो. हा साका. बराच काळ त्याचा दोष तापलेल्या जमिनीतून येणाऱ्या उष्णतेला दिला जात होता. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बाठ्याकडे लक्ष वेधलं. आंब्याचं बी वाळून सुप्तावस्थेत जाणारं नाही. ते फळ झाडावर असतानाच रुजण्याच्या तयारीला लागलं की पाणी आणि अन्न ओढू लागतं आणि त्याभोवतीच्या गराचं पिकणं बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. या समजुतीवर आधारून त्या संस्थेने ‘अर्का साका निवारक’ हे मिश्रण काढलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वेगळी वाट धरली. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली, साका न होणारी ‘रत्ना’ ही जात विद्यापीठाने १९८१ मध्ये दिली. अस्सल हापूसच्या बागेत मात्र चौदा आण्यांवर उतरवलेल्या फळात साक्याचं प्रमाण कमी राहतं आणि झाडावर जास्त ठेवलेल्या फळात ते वाढतं. लवकर काढलं तर साठा अपुरा, उशीर केला तर बाठा जागा. या दोहोंच्या मधले थोडे दिवस बागायतदाराला दरवर्षी प्रत्येक झाडाखाली उभं राहून ओळखावे लागतात.