पाण्याला कान लावला की जहाज कसं कळतं?

समुद्रात प्रकाश फार तर शे-दोनशे मीटरांत विरून जातो. रडारच्या लहरी त्याहून खूप आधी. आवाजाचं मात्र उलट आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५००, आणि खालच्या पट्टीतला आवाज हजारो किलोमीटर टिकतो. म्हणून समुद्रात बघायचं नसतं, ऐकायचं असतं.

जहाज आवाज कशाने करतं? तुम्ही म्हणाल, इंजिनाने. ते आहेच, पण मोठा वाटा प्रॉपेलरचा. पातं वेगाने फिरतं तेव्हा त्याच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही उकळतं. (उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं ना, त्याचंच हे टोक.) बुडबुडे होतात, दाब वाढला की पटकन मिटतात, आणि मिटताना आवाज करतात. असे असंख्य बुडबुडे मिळून एक सळसळ होते.

आता गंमत बघा. ही सळसळ तालात वरखाली होते. समजा प्रॉपेलर सेकंदाला दोन फेऱ्या घेतोय आणि त्याला पाच पाती आहेत, तर सेकंदाला दहा ठोके पडतील. पण पाची पाती तंतोतंत सारखी कधीच नसतात, त्यामुळे दर फेरीचा एक वेगळा ठोकाही मिळतो, सेकंदाला दोन. दहा भागिले दोन, पाच. जहाज न बघता पाती मोजून झाली! शिवाय विजेची गुणगुण असते. शीतयुद्धात अमेरिकी पाणबुड्यांवर ६० हर्ट्झची वीज होती, सोव्हिएत पाणबुड्यांवर ५० ची. आवाजाच्या आलेखात रेघ कुठे उमटली, यावरून पाणबुडी कोणाची याचा अंदाज यायचा.

हे झालं ओळखणं. जागा कशी कळते? एका हायड्रोफोनला, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनला, दिशा कळत नाही. म्हणून तीन हायड्रोफोन त्रिकोणात, दोनेक किलोमीटर अंतरावर ठेवतात. आवाज आधी कोणाकडे पोचला, किती सेकंदांनी, त्यावरून दिशा. दूरच्या दुसऱ्या केंद्रावरून दुसरी दिशा. दोन रेघा जिथे छेदतील ती जागा.

१५ नोव्हेंबर २०१७. अर्जेंटिनाची 'सान हुआन' ही पाणबुडी ४४ जणांसह दक्षिण अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली. पाचेक दिवसांनी शोधणाऱ्या जहाजांना ठोकल्यासारखे आवाज आले. आत कोणी जिवंत आहे, हातोडा मारतंय, अशी आशा घरच्यांना लागली. तपासलं तर तो आवाज समुद्री जीवांचा निघाला. ओळखणं चुकलं की काय होतं, ते इथे दिसतं.

खरा आवाज आधीच येऊन गेला होता. अणुचाचण्या पकडण्यासाठी बसवलेल्या दोन केंद्रांवर, सुमारे ६००० किलोमीटरवरच्या असेन्शन बेटाजवळ आणि जवळपास ७८०० किलोमीटरवरच्या क्रोझे बेटांजवळ, त्याच दिवशी एक क्षणिक, जोरदार आवाज नोंदला गेला होता. शेवटच्या संपर्कानंतर साधारण तीन तासांनी पाण्यात काहीतरी घडलं होतं. आवाज दीड तासाच्या आत दोन्हीकडे पोचला. लोकांना मात्र तो कळायला आठवडा लागला, कारण ती नोंद शोधावी लागली.

आणि ती जागा किती भरवशाची? ते तपासायला १ डिसेंबरला अर्जेंटिनाच्या विमानाने पाणबुडीच्या शेवटच्या ठावठिकाण्याजवळ एक स्फोटक पाण्यात टाकलं. जागा आणि वेळ माहीत असलेला हा आवाज त्याच केंद्रांवर ऐकू आला, आणि पहिल्या आवाजाशी ताडून पाहता आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच.

वर्षभराने, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याच परिसरात ९०७ मीटर खोलीवर 'सान हुआन' सापडली.