बॉनेटखालची सोयरीक

प्यूजो ३०९ मुळात प्यूजो म्हणून जन्माला यायचीच नव्हती. ब्रिटनमधल्या कोव्हेंट्रीत तिचं डिझाइन सुरू झालं ते टॅल्बट एरिझोना या नावानं विकायला. गाडी बाजारात यायच्या बेताला आली आणि मालक असलेल्या प्यूजोनं टॅल्बट हे नावच मोडीत काढायचं ठरवलं. मग १९८५ मध्ये तिच्या नाकावर प्यूजोचा सिंह बसवला गेला. ३०५ नंतरचा ३०६ हा आकडा पुढच्या गाडीसाठी राखलेला, म्हणून हिला रांग सोडून ३०९ दिला. युरोपातलं तिचं आयुष्य १९९३ च्या सुमारास संपलं आणि तिची पाठवणी झाली थेट कल्याणला.

कल्याणच्या कारखान्यात प्रीमिअर आणि प्यूजो यांनी मिळून ती बनवली. पेट्रोल १३६० सीसी, डिझेल १५२७. ज्यांनी ती चालवलीय ते आजही तिच्या सस्पेन्शनबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं खड्डा हा प्रकार त्या काळी नव्हताच. पण कामगारांचा तंटा पेटला, भागीदारांचं पटेना, आणि काही वर्षांतच कारखान्याला कुलूप लागलं. प्यूजोनं काढता पाय घेतला आणि सुट्या भागांचा झरा आटला. अशा गाडीचं पुढं काय होतं ते सांगायला नको. भंगारवाला, कटर, वजनकाटा.

तरीही भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेत एक डिझेल ३०९ सकाळी भाजी आणायला निघते. धूर मारत नाही, सेल्फ पहिल्या अर्ध्या फेरीत घेते. तिच्या मिस्त्रीला यामागचं रहस्य विचारलं तर तो आधी पान थुंकतो, मग म्हणतो, "को खां, रहस्य कैसा? जेन डिझल का इंजन है।"

हाच तो किस्सा. मारुतीकडे स्वतःचं छोटं डिझेल इंजिन नव्हतं. १९९८ मध्ये डिझेल झेन आणि डिझेल एस्टीम आणायची ठरली तेव्हा त्यांनी प्यूजोकडूनच टीयूडी५ हे १५२७ सीसीचं इंजिन घेतलं. म्हणजे कंपनी देश सोडून गेली आणि तिचं इंजिन मारुतीच्या नावाचं कुंकू लावून परत आलं. ३०९ चे मालक जिथं 'प्यूजोचा पार्ट आहे का' असं विचारून हात हलवत परतायचे, त्याच दुकानात मिस्त्री 'झेन डीचा दाखव' म्हणाला की काउंटरवर डबा यायचा. सगळंच काही जसंच्या तसं बसत नाही. एखादी नळी कापावी लागते, एखादी पट्टी टर्नरकडून करून घ्यावी लागते. पण इंजिनाच्या पोटातलं गोत्र एकच.

बाहेरच्यांना वाटतं जुन्या गाडीचा नाद म्हणजे क्रोमवर फडकं मारणं आणि रविवारी रांगेत उभं राहून फोटो काढणं. फोटो निघतात, नाही असं नाही. पण आतल्या गोटात तासन्‌तास चर्चा चालते ती सोयरिकीची. कुणाचं इंजिन कुणाकडे दिलंय, कुणाचा पत्रा कुणाच्या घरून आलाय, कोण सावत्र आणि कोण सख्खं. विंटेज गाडीवाल्यांना हे सुख नाही. त्यांच्याकडे पैसा असतो आणि परदेशातून मागवलेला पार्ट असतो. आमच्याकडे माहिती असते.

कोटरा हे या नादाला योग्य ठिकाण आहे. १९५६ मध्ये नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडची येत राहिलीच. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज भदभद्याच्या बाजूच्या या वस्त्यांत सापडते. मराठी बोलतात, मधेच 'खां' म्हणतात, आणि घरात काही मोडलं तर टाकून देण्याआधी एकदा तरी उघडून बघतात. घरांची फाटकं स्कूटरच्या मापाची, त्यामुळे गाड्या बाहेर लिंबाखाली. कव्हर कुठलं नि झाड कुठलं हे पावसाळ्यानंतर ओळखू येत नाही.

सरकारी गाव म्हणजे अॅम्बॅसडरचं गाव, आणि त्याचा खरा फायदा झाला कॉन्टेसावाल्यांना. कॉन्टेसाचा सांगाडा ब्रिटिश, १९७२ च्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये ती आणली आणि त्या धिप्पाड देहात अॅम्बॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन बसवलं. चढावर त्या गाडीची जी दमछाक व्हायची ती पाहून मागच्या सीटवरच्या माणसाला खाली उतरावंसं वाटे. पुढं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडीला गाडीपण आलं. ही इसुझू इंजिनं बनायची कुठं? कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला नाही; आपल्याच इंदूरशेजारच्या पिथमपूरला. तेच इंजिन नव्वदच्या सुरुवातीला अॅम्बॅसडरमध्येही आलं, १८०० आयएसझेड म्हणून. सरकारी खात्यांनी त्या अॅम्बॅसडर वापरल्या, मोडीत काढल्या, लिलावात विकल्या. लिलावात बोली लावणाऱ्या भंगारवाल्यांना एक कोडं पडायचं: ज्या पांढऱ्या गाडीचा पत्रा चाळणी झालाय, तिच्यासाठी हा नीटनेटका चष्मेवाला माणूस एवढी चढी बोली का लावतोय? त्याला पत्रा नकोच असायचा. घरी कॉन्टेसा उभी असायची.

प्रीमिअर ११८ एनई ही माझ्या मते या सगळ्यांत जास्त अन्याय झालेली गाडी. पद्मिनीवर टॅक्सीच्या निमित्तानं सिनेमे निघाले, लेख आले, अखेरच्या मुंबई टॅक्सीला २०२३ मध्ये लोकांनी निरोप दिला. ११८ ला कुणी निरोपही दिला नाही. तिचा पत्रा फियाट १२४ च्या घराण्यातला, स्पेनच्या सीट कंपनीकडून आणलेल्या साच्यांतून काढलेला. म्हणजे रशियाची लाडा तिची चुलत बहीण. इंजिन निस्सानचं, ए१२, ११७१ सीसी. चौकोनी, गंभीर, बँक मॅनेजरच्या चेहऱ्याची गाडी. १९८५ ला आली आणि नव्वदचं दशक तिनं डॉक्टर आणि प्राध्यापकांच्या दारात काढलं. पण त्या निस्सान इंजिनाचा आवाज! न्यूट्रलमध्ये उभी असताना चालू आहे की बंद हे कळण्यासाठी बॉनेटवर हात ठेवावा लागतो.

कोटऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिका अजून ११८ चालवतात. गाडी घ्यायला गिऱ्हाइकं येत असतात, बहुतेक पंचविशीतली पोरं. त्या चहा देतात आणि म्हणतात, "विकायची नाहीये रे, पण आलाच आहेस तर प्लग काढून बघ, काळे येतायत का." अशा रीतीनं गेली काही वर्षं त्यांची सर्व्हिसिंग फुकट चालली आहे.

टाटांची सिएरा मात्र दुखरी नस. १९९१ मध्ये पुण्याहून आलेली तीन दारांची ही गाडी टाटामोबाइल या पिकअपवर उभी केलेली. ४८३ इंजिन, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, १९४८ सीसी. तेच इंजिन एस्टेटला, पिकअपला आणि १९९४ च्या सुमोला. म्हणजे इंजिनाच्या बाबतीत सिएरा ही भल्यामोठ्या गोतावळ्यातली मुलगी. बैतूलपासून सागरपर्यंत कुठल्याही तिठ्यावर गाडी बंद पडू दे, सुमोचा मिस्त्री ती चालू करून देईल. (सुमो हे नाव टाटांच्या वाहन कंपनीचे, म्हणजे टेल्कोचे, प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन ठेवलं हे आता सगळ्यांना माहीत आहे. ते दुपारी ऑफिस सोडून ढाब्यावर ट्रकड्रायव्हरांबरोबर जेवत आणि गाड्यांच्या तक्रारी ऐकत, हाही किस्सा टेल्कोच्या जुन्या लोकांकडून फिरत आलाय. खरा असावा अशी माझी इच्छा आहे.)

पण सिएराची मागची काच! बाजूनं वर जाऊन छतात वळलेली, न उघडणारी, भलीमोठी. ती ना सुमोला, ना एस्टेटला, ना कुणाला. तिला सोयरंच नाही. सिएरावाला माणूस इंजिनाचा आवाज बदलला तर हसतो आणि गल्लीत पोरं क्रिकेट खेळायला लागली की पांढरा पडतो. आमच्यातल्या एकाला पुण्यात, नाक चेपलेल्या एका सिएराची शाबूत काच मिळाली. दोन गोधड्यांत गुंडाळून त्यानं ती रेल्वेनं आणली. खालच्या बर्थवर काच, आणि हा रात्रभर पायाशी बसून. टीसीनं विचारलं, आजारी आहेत का? हा 'हो' म्हणाला. पहाटे गोधडी सरकली आणि सामानाचं भाडं दंडासकट भरावं लागलं. २०२५ मध्ये टाटांनी सिएरा हे नाव नव्या गाडीवर परत आणलं तेव्हा आमच्या गटात पहिला प्रश्न हाच आला, की नवीची काच जुनीला लागेल का. लागत नाही.

कधी कधी सोयरे समोरासमोर दुकान थाटून बसलेले असत आणि गिऱ्हाइकाला पत्ता नसे. १९९५ ची देवू सिएलो ही कोरियन म्हणून मिरवली, पण तिचं मूळ जर्मन, ओपेल कॅडेटचं. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं हलोलहून ओपेल अॅस्ट्रा आणली. ती कोण? त्याच कॅडेटची वारस. एका शोरूममध्ये आई, दुसऱ्यात लेक, आणि दोघींचे सेल्समन एकमेकांच्या गाडीची निंदा करतायत. नाशिकला महिंद्रांबरोबर बनलेली फोर्ड एस्कॉर्टही अशीच विस्मरणात गेली, तिच्या १.८ डिझेल इंजिनानं पुढं आयकॉनमध्ये नाव काढलं, म्हणून डिझेल एस्कॉर्टवाले अजून तग धरून आहेत.

एवढं सगळं जुळवलं तरी कागद उरतोच. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची. २०२२ च्या एप्रिलात मोटारीला त्याची फी ६०० वरून ५,००० झाली. विंटेज म्हणून सवलत मागायला जावं तर २०२१ च्या नियमानं गाडी पन्नास वर्षांची हवी. १९९५ च्या ३०९ ला २०४५ पर्यंत थांबावं लागेल. तोवर ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी गाडी. माझं मत विचाराल तर हे एका अर्थी बरंच आहे. ज्या दिवशी या गाड्या विंटेज ठरतील त्या दिवशी त्यांच्या किमती चढतील आणि भाजी आणायला त्या कुणी काढणार नाही. आताच काही लोक एस्टीमला कारखान्यातही मिळाला नसेल असा चकचकीत रंग देतात. मला स्वतःला उन्हानं विटलेला मूळ रंग जास्त आवडतो.

गेल्या हिवाळ्यात एक मारुती १००० नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत नेली होती. १९९० ची ही गाडी दिसायला झकास आणि पळायला मंद, ९७० सीसीत सेडानचं ओझं ओढणारी. तिचाच देह पुढं १३०० चं इंजिन घालून एस्टीम झाला, त्यामुळे हजारात एस्टीमचं इंजिन बसवणं हा जुना उद्योग. मालकांनी तो केला होता, पावत्या होत्या, आरसीवर नव्या इंजिनाची नोंदही करून घेतली होती. इन्स्पेक्टरांनी बॉनेट उघडून नंबर ताडून पाहिला, मान हलवली आणि सगळे विचारतात तेच विचारलं, की एवढ्या खर्चात चांगली नवी गाडी आली नसती का. मालक उत्तराची जुळवाजुळव करत होते. मिस्त्री मात्र तिथं नव्हताच. तो शेजारच्या रांगेतल्या एका जुन्या जिप्सीच्या मालकाला पटवत होता: "खां, आपकी चार सौ दस है ना? हजार का निकला हुआ इंजन मेरे पास पड़ा है। वही नौ सौ सत्तर। शाम को आ जाओ, सुनवा देता हूँ।"