सैतान

सैतान : ख्रिस्ती धर्मश्रद्धेनुसार ईश्वराला विरोध करणारा, मानवाला पापास प्रवृत्त करणारा आणि दुरात्म्यांचा अधिपती असलेला पतित देवदूत. एदेन बागेतील सर्प, गर्वामुळे स्वर्गातून ढकलला गेलेला लूसिफर, येशूला मोह घालणारा परीक्षक आणि जगाच्या अंती पराभूत होणारा अजगर ही सर्व एकाच सैतानाची रूपे होत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि त्याचे हे एकसंध चरित्र बायबलमध्ये कोठेही सलग सांगितलेले नाही. भिन्नभिन्न काळांतील ग्रंथांत विखुरलेल्या निर्देशांची सांगड घालून ते सु. इ.स.पू. तिसरे शतक ते इ.स. पाचवे शतक या कालखंडात सिद्ध झाले. या घडणीमागे एक मूलभूत प्रश्न होता : विश्वाचा निर्माता एकमेव, सर्वशक्तिमान व पूर्णतः मंगल असेल, तर जगात दुष्टता आली कोठून? सैतानाची कल्पना हे या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर होय. ते कितपत पुरेसे आहे, हा विवाद ख्रिस्ती विचारात आरंभापासून चालत आला आहे.

संज्ञा : ‘सातान’ हे मूळ हिब्रूतील सामान्यनाम असून त्याचा अर्थ विरोध करणारा, प्रतिपक्षी किंवा आरोप ठेवणारा असा आहे. हिब्रू धर्मग्रंथांच्या ‘सेप्टुअजिंट’ या ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘दियाबोलोस’ (निंदक, चहाडखोर) हा शब्द योजण्यात आला. इंग्रजीतील ‘डेव्हिल’ व पोर्तुगीजमधील ‘दियाबु’ हे शब्द त्यावरूनच आले. मराठीतील ‘सैतान’ हा शब्द मात्र अरबी ‘शैतान’ या शब्दापासून फार्सीच्या द्वारे आला आणि पुढे मराठी बायबलनेही तोच स्वीकारला.

जुन्या करारातील सैतान : प्राचीन हिब्रू लेखनात हा शब्द मनुष्यांनाही लावलेला आढळतो. दावीद लढाईत उलटून आपला प्रतिपक्षी होईल, अशी भीती पलिष्टी सरदारांना वाटली, तेथे हाच शब्द आहे. शलमोन राजाविरुद्ध उठलेला एदोमी हदाद हाही असाच ‘सातान’ होय. ‘गणना’ या ग्रंथात बलामाची वाट अडवून उभा राहिलेला परमेश्वराचा दूतही ‘सातान’ ठरतो. म्हणजे येथे विरोध करणारा हा ईश्वराचाच सेवक आहे.

‘ईयोब’ व ‘जखऱ्या’ या ग्रंथांत या शब्दामागे निश्चयवाचक उपपद येते. त्यामुळे तेथे तो व्यक्तीचे नाव नसून एका पदाचा वाचक ठरतो. ईश्वराच्या दरबारात देवदूतांसमवेत उपस्थित राहणारा हा फिर्यादी माणसांच्या निष्ठेविषयी शंका उपस्थित करतो व त्यांची परीक्षा घेण्यास अनुमती मागतो. ईयोबाची संपत्ती, संतती व आरोग्य तो हिरावून घेतो, परंतु ईश्वराने घालून दिलेली मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. जखऱ्याच्या दृष्टांतात तो प्रमुख याजक यहोशवा याच्यावर दोषारोप करण्यास उभा राहतो आणि परमेश्वर त्याला धमकावतो.

या कल्पनेत झालेला बदल दोन समांतर वृत्तांतांच्या तुलनेतून स्पष्ट होतो. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली व त्यामुळे राष्ट्रावर मरी ओढवली, ही कथा दोन ठिकाणी आली आहे. ‘दुसरे शमुवेल’ या ग्रंथानुसार क्रुद्ध झालेल्या परमेश्वरानेच दाविदाला शिरगणतीची प्रेरणा दिली. त्यानंतर रचल्या गेलेल्या ‘पहिले इतिहास’ या ग्रंथात तीच प्रेरणा देणारा म्हणून सैतानाचा निर्देश आहे आणि तेथे निश्चयवाचक उपपद नाही. ईश्वराच्या न्यायीपणाशी विसंगत वाटणारे कृत्य दुसऱ्याकडे सोपविण्याची ही प्रवृत्ती पुढील विकासाची दिशा दर्शविते.

उत्तरकालीन यहुदी वाङ्मय : इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलन इराणी साम्राज्यात गेले आणि यहुद्यांचा जरथुश्त्री विचारांशी संबंध आला. अहुर मज्द व अंग्र मइन्यु यांच्यातील संघर्षाच्या कल्पनेचा सैतानाच्या कल्पनेवर प्रभाव पडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु त्या प्रभावाच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत. परकीय सत्तेखाली धर्मनिष्ठांना भोगाव्या लागलेल्या छळाचा अर्थ लावण्याची निकड हेही या विकासाचे एक कारण होते.

‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात देवपुत्रांनी मानवकन्यांशी विवाह केल्याचा त्रोटक उल्लेख आहे. हनोखच्या नावावर असलेल्या ग्रंथाच्या सु. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील भागात त्याचा विस्तार करून शेमिहाझा व असाएल यांच्या नेतृत्वाखाली देवदूतांचा एक गट पृथ्वीवर उतरला आणि त्यांनी मानवाला शस्त्रे, प्रसाधने व जादूटोणा शिकविला, असे सांगितले आहे. येथे देवदूतांच्या पतनाचे कारण कामवासना हे आहे, गर्व नव्हे. ‘जुबिलीज’ या इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रंथात दुरात्म्यांच्या प्रमुखाचे नाव मस्तेमा असे आहे. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या हस्तलिखितांत प्रकाशाचे पुत्र व अंधाराचे पुत्र यांच्या अंतिम युद्धाचे वर्णन असून अंधाराच्या पक्षाचा नायक बलियाल आहे. पण त्यालाही ईश्वरानेच निर्माण केले आहे. सैतानाच्या मत्सरामुळे मृत्यू जगात आला, हा विचार ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रीक ग्रंथात आढळतो. प्रथम मानवाला वंदन करण्यास नकार दिल्यामुळे सैतान स्वर्गच्युत झाला, ही कथा ‘आदाम व हव्वा यांचे जीवन’ या ग्रंथात आहे. कुराणातील इब्लीसाच्या वृत्तांताशी तिचे साम्य लक्षणीय आहे.

नवा करार : येशूच्या काळापर्यंत सैतान ही एक स्वतंत्र व्यक्ती झाली होती. शुभवर्तमानांत तो अरण्यात येशूची परीक्षा पाहतो, पेरलेले वचन हिरावून नेतो आणि यहूदा इस्कर्योत याच्या अंतःकरणात शिरतो. येशू भूतबाधा दूर करतो, ती कृत्ये सैतानाच्या राज्यावरील आक्रमण म्हणून वर्णिली आहेत. या प्रसंगांत येणारे बालजबूल हे नाव एक्रोन येथील बाल-जबूब या देवतेच्या नावाशी निगडित आहे. परक्यांचा देव दुरात्म्यांचा अधिपती झाल्याचे हे ठळक उदाहरण होय. योहानाच्या शुभवर्तमानात सैतानाला या जगाचा अधिपती म्हटले आहे. ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात महाअजगर, पुरातन सर्प, दियाबल व सैतान ही नावे प्रथमच एकत्र आली आहेत. ‘उत्पत्ती’ ग्रंथातील मूळ कथेत सर्प हा केवळ रानातील सर्वांत धूर्त प्राणी आहे. तेथे सैतानाचे नाव नाही. सैतान नरकावर राज्य करतो, असेही नव्या करारात नाही. तेथील अग्नी त्याला शिक्षा देण्यासाठी सिद्ध केलेला आहे.

लूसिफर : ‘यशया’ ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात बॅबिलनच्या गर्विष्ठ राजाला उद्देशून एक उपरोधिक विलापगीत आहे. स्वर्गावर चढू पाहणारा आणि अधोलोकात कोसळलेला पहाटेचा तारा, असे त्याचे वर्णन त्यात येते. सु. ३८२ ते ४०५ या काळात संत जेरोम याने सिद्ध केलेल्या लॅटिन बायबलमध्ये या ताऱ्यासाठी ‘लूसिफर’ (प्रकाश आणणारा) हा शब्द आला. शुक्रताऱ्याचे ते रूढ लॅटिन नाव होते व त्यात अमंगल असे काहीच नव्हते. त्याच भाषांतरातील ‘पेत्राचे दुसरे पत्र’ यात तोच शब्द श्रद्धावंतांच्या अंतःकरणात उगवणाऱ्या पहाटेच्या ताऱ्यासाठी वापरलेला आहे. चौथ्या शतकात सार्डिनियातील काल्यारी येथे लूसिफर नावाचा एक बिशपही होऊन गेला. तथापि ऑरिजेन (सु. १८५–२५४) याने यशयातील हा उतारा आणि ‘यहेज्केल’ ग्रंथातील सोरच्या राजाविषयीचा उतारा हे सैतानाच्या पतनाचे वर्णन मानले. पुढे हा अर्थ रूढ झाला आणि एका राजाच्या उपहासातून पतित देवदूताचे नाव निर्माण झाले.

धर्मशास्त्रीय सिद्धांत : सैतानाला अनादी मानले, तर ईश्वर एकमेव राहत नाही, आणि ईश्वराने त्याला दुष्ट म्हणूनच निर्माण केले असे मानले, तर ईश्वराच्या मंगलत्वाला बाध येतो. या पेचातून ऑगस्टीन (३५४–४३०) याने मार्ग काढला. तरुणपणी तो प्रकाश व अंधार ही दोन शाश्वत तत्त्वे मानणाऱ्या मानी पंथाचा अनुयायी होता. त्या मताचा त्याग केल्यावर त्याने असे प्रतिपादिले, की दुष्टता हे स्वतंत्र द्रव्य नसून मंगलाचा अभाव होय. सैतानाची मूळ प्रकृती चांगलीच होती. गर्वामुळे त्याने स्वेच्छेने ईश्वराकडे पाठ फिरविली. रोम येथे १२१५ मध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने हाच आशय अधिकृत केला. मात्र संपूर्णपणे चांगल्या प्रकृतीत पहिली दुष्ट इच्छा उद्‌भवली कशी, हा प्रश्न उरतोच. त्या इच्छेला कार्यकारी कारण शोधणे म्हणजे अंधार पाहू इच्छिण्यासारखे आहे, अशा आशयाचे उत्तर ऑगस्टीनने दिले. सैतानाच्या कल्पनेने दुष्टतेचा प्रश्न सुटत नाही, तो एक पायरी मागे जातो, हे त्यावरून लक्षात येते.

सैतानाचा अंत व त्याचे अधिकार यांविषयीही मतभेद होते. अखेरीस सर्व सृष्टी ईश्वराकडे परत येईल, या ऑरिजेनच्या विचारातून सैतानाच्याही उद्धाराची शक्यता सूचित होत होती. सहाव्या शतकात हे मत पाखंडी ठरविण्यात आले. येशूचा मृत्यू ही सैतानाच्या ताब्यातील मानवजातीसाठी दिलेली खंडणी होय, हा विचार अनेक प्राचीन धर्मपित्यांनी मांडला. निसाचा ग्रेगरी (सु. ३३५–३९५) याने देहाच्या आमिषाखाली दडविलेल्या देवत्वाच्या गळाची उपमा योजली. अँसेल्म (१०३३–११०९) याने सैतानाचा मानवावर कोणताही न्याय्य हक्क नाही, असे सांगून हा विचार नाकारला.

सामाजिक परिणाम : सैतान अदृश्य असला, तरी त्याचे हस्तक दृश्य असतात, या समजुतीचे परिणाम भीषण झाले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या यहुदी विरोधकांना सैतानाची संतती म्हणतो. हा उतारा शतकानुशतके संपूर्ण यहुदी समाजाविरुद्ध वापरण्यात आला. पाखंडी मानलेल्या पंथांवरही सैतानपूजेचे आरोप झाले. हाइन्रिख क्रामर याचा ‘मालेउस मालेफिकारुम’ हा ग्रंथ १४८६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. चेटकिणी सैतानाशी करार करतात, हे मत दृढ करण्यास त्याने हातभार लावला. यूरोपात सु. १४५० ते १७५० या काळात चेटूकविषयक खटल्यांत सु. ४० ते ६० हजार व्यक्तींना देहदंड झाला, असा आधुनिक इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये १९ जणांना फाशी देण्यात आली. या प्रकारांना विरोध करणाऱ्यांत धर्मोपदेशकही होते. फ्रीड्रिख श्पे या जेझुइटाने १६३१ मध्ये छळ करून मिळविलेल्या कबुलीजबाबांचा फोलपणा दाखवून दिला. बाल्थासार बेकर या डच धर्मोपदेशकाने सैतानाच्या ऐहिक सामर्थ्यावर आक्षेप घेतला, तेव्हा १६९२ मध्ये त्याला पदच्युत व्हावे लागले.

परकीय देवतांना दुरात्मे ठरविण्याची प्रक्रिया ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराबरोबर अन्यत्रही घडली. कोकण व गोव्यातील हिंदूंच्या लोकश्रद्धेत देवचार हा गावाच्या सीमेचे रक्षण करणारा राखणदार आहे. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या कोकणीत मात्र तोच शब्द सैतानवाचक झाला.

आधुनिक दृष्टिकोन : मिल्टनच्या ‘पॅरडाइस लॉस्ट’ (१६६७) या महाकाव्याने सैतानाला मानी बंडखोराचे रूप दिले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखर (१७६८–१८३४) याने ख्रिस्ती सिद्धांतात सैतानाच्या कल्पनेला आवश्यक स्थान नाही, असे मत मांडले. आज अनेक प्रॉटेस्टंट विचारवंत सैतानाला दुष्टतेचे प्रतीक मानतात. रोमन कॅथलिक चर्चची भूमिका याहून भिन्न आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये सैतानाचे अस्तित्व वास्तविक असल्याचे पुन्हा प्रतिपादिले, तर भूतबाधा निवारणाचा सुधारित विधी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष समग्र यहुदी समाजावर लादण्याचे नाकारले. एलेन पेगेल्स यांनी सैतानाच्या उगमावरील आपल्या ग्रंथात (१९९५) असे दाखविले, की ही कल्पना परक्या शत्रूंपेक्षा स्वकीय विरोधकांविरुद्ध अधिक वापरली गेली. बाप्तिस्म्याच्या प्राचीन विधीत मात्र सैतानाचा त्याग करण्याचा प्रश्न दीक्षार्थीला स्वतःलाच विचारला जातो. दुसऱ्या कोणावर आरोप ठेवण्यास तेथे वाव नाही. कॅथलिक व अन्य अनेक चर्चच्या विधींत तो प्रश्न आजही कायम आहे.